इसार

दिवाळी अंक जवळ आला की संपादकांचा निरोप येतो : "या खेपेला जरा सणासारखे, गोडधोड असे काही लिहा." मी दरवर्षी हो म्हणतो आणि दरवर्षी कागदावर उतरते ते निराळेच. याला माझा इलाज नाही. सदतीस वर्षे मी एका बँकेच्या कर्जखात्यात काढली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे, जमिनींचे आणि जामीनदारांचे कागद तपासले, त्याला करंजी हातात घेतल्यावरसुद्धा सारण किती आणि पोकळी किती हेच आधी दिसते. तेव्हा वाचकहो, यंदाही फराळाच्या ताटात एक कागदच वाढतो आहे. गोड मानून घ्यावा.

निवृत्त झाल्यावर पुण्यातले बिऱ्हाड मुलाच्या स्वाधीन करून आम्ही उभयता पौडला येऊन राहिलो. पौड म्हणजे मुळशी तालुक्याचे ठिकाण. कचेरी, कोर्ट, बाजार सगळे हाकेच्या अंतरावर. शेजारी गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी हयात घालवली. संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहा, आणि चहाबरोबर सगळ्या जगाचा कारभार, असा आमचा परिपाठ आहे.

२०२५ च्या मार्चातली गोष्ट. गुरुजी आले ते चहाची वाट न पाहताच म्हणाले, "भाऊसाहेब, जरा कागद बघता का?"

हे वाक्य मी जन्मभर ऐकले आहे. ते म्हणणाऱ्याचा आवाज कसा असतो हेही मला ठाऊक आहे. मी चष्मा पुसला आणि फाइल उघडली. वर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र होते. त्याखाली शैक्षणिक कर्जाचा कोरा अर्ज. आणि सर्वांत तळाशी, घडी घालून ठेवलेला, सातबाराचा उतारा.

कर्जखात्यातल्या माणसाला वरचा कागद कधीच खरा वाटत नाही. मी तळाचा कागद हातात घेतला आणि गुरुजींकडे पाहिले. गुरुजी अंगणातल्या तुळशीकडे पाहू लागले.

प्रवेशपत्र गुरुजींच्या थोरल्या लेकीचे होते. घरात तिला सारे ताई म्हणतात; आपणही तेच म्हणू. ताई संख्याशास्त्रातली बी.एस्सी. त्यानंतर तीन वर्षे हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी. हिंजवडी आमच्या मुळशी तालुक्यातच मोडते, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगितले की ते दचकतात. एका टोकाला काचेच्या इमारती, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा पाऊस, मध्ये लवळ्याच्या टेकड्यांवर सिम्बायोसिस आणि फ्लेम अशी दोन विद्यापीठे. एवढे सगळे तालुक्यात असून ताईला हवे होते ते शिक्षण पिट्सबर्ग नाहीतर न्यूयॉर्ककडे निघाले होते. विषयाचे नाव क्वांटिटेटिव्ह फायनान्स. गुरुजींनी ते नाव पाठ केले होते, पण उच्चारताना त्यांना दोनदा थांबावे लागे.

"म्हणजे एम.बी.ए. का?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"नाही काकू," ताई म्हणाली. "एम.बी.ए.त पैशाचा धंदा शिकवतात. यात पैशाचे गणित असते. संभाव्यता, संख्याशास्त्र, कलनशास्त्र आणि ते सगळे संगणकावर चालवणे."

"पण ते गणित करायचे कशाचे?"

ताईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बाबांच्या इसाराचे."

गुरुजींचा इसार ही आमच्या आळीतली जुनी जखम आहे, म्हणून थोडी मागची हकीकत सांगायला हवी. २००६ साली मुळशीत जमिनीचे भाव वाऱ्यावर उडत होते. गुरुजींची वाटणीत आलेली दोन एकर माळजमीन होती. एक मध्यस्थ आला, गोड बोलला आणि गुंठ्याला वीस हजारांप्रमाणे सोळा लाखांना सौदा ठरवून गेला. पन्नास हजार इसार दिला, एक वर्षाची मुदत लिहून घेतली. दहा महिन्यांनी तो दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. खरेदीखत थेट त्या गिऱ्हाइकाच्या नावाने झाले. गिऱ्हाइकाने मोजले अठ्ठावीस लाख, गुरुजींच्या हाती आले ठरलेले सोळा. मधले बारा लाख त्या मध्यस्थाचे. कागद चोख होता. मी स्वतः तो वाचला आणि "कायद्याने काही करता येणार नाही," असे गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "नशीब." आणि विषय संपला.

एकोणीस वर्षांनी त्यांची लेक आमच्या ओट्यावर बसून सांगत होती, "काका, ते नशीब नव्हते. बाबांनी त्या माणसाला एक वस्तू विकली होती आणि ती विकतो आहोत हेच त्यांना कळले नव्हते. वर्षभरात केव्हाही, ठरलेल्या भावाने, जमीन घ्यायचा हक्क! घ्यायची सक्ती नाही, नुसता हक्क. भाव चढला तर त्याने घ्यायची, उतरला तर पन्नास हजारांवर पाणी सोडून निघून जायचे. यालाच बाजारात कॉल ऑप्शन म्हणतात. प्रश्न एवढाच, की त्या हक्काची किंमत पन्नास हजार बरोबर होती का?"

"ती कशी काढणार?" मी विचारले. सदतीस वर्षांत मी शेकडो इसारपावत्या पाहिल्या होत्या. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तिने बोटे मोडून दाखवली. जमिनीचा आजचा भाव, सौद्यात ठरलेला भाव, मुदत, व्याजाचा दर, आणि पाचवी गोष्ट म्हणजे भाव किती हलतो ती. भाव जागचा हलत नसेल तर असा हक्क जवळजवळ फुकट द्यावा. भाव जितका उसळणारा, तितका हक्क महाग. १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशेलिये नावाच्या गणितज्ञाने आपल्या प्रबंधात या हिशेबाला प्रथम हात घातला. पुढे १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स या दोघांनी त्याचे सूत्र प्रसिद्ध केले. रॉबर्ट मर्टन यांनी ते आणखी पक्के केले. १९९७ साली शोल्स आणि मर्टन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्लॅक तोवर वारले होते. आपल्याकडे राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकाचे असले हक्क २००१ पासून विकले जाऊ लागले.

"२००६ साली मुळशीतला भाव रोज हलत होता," ताई म्हणाली. "म्हणजे हक्क महाग हवा होता. बाबांनी तो स्वस्तात दिला."

गुरुजी गप्प होते. एवढ्या वर्षांनी आपल्या चुकीला नाव मिळाले, याचे त्यांना बरे वाटले की वाईट, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना.

आता पुन्हा त्या फाइलीकडे वळू. सातबारा होता कोळवण खोऱ्यातल्या तीस गुंठ्यांचा. आंबेमोहोर पिकवणारी खाचरे. गुरुजींकडे उरलेली तेवढीच जमीन. त्यांच्या आजोबांचे मूळ गाव आज मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी तो पुढे चालवला, तुरुंगवास सोसला. १९२४ पर्यंत झगडा चालला आणि अखेर धरण झाले. तिथले पाणी आजही डोंगर उतरून कोकणात भिऱ्याला जाते आणि वीज देते. त्या वेळी पुष्कळ शेते सावकारांकडे गहाण होती. जमीन कसणारा उठला आणि मोबदल्याचा बराच पैसा कागद ज्याच्या हाती होता त्याच्याकडे गेला. हे सारे मी इथे उगाच उगाळत नाही. आमच्या तालुक्याला जुना अनुभव आहे : डाव खेळणारा एक असतो आणि हरला तर भरणारा दुसराच असतो.

गुरुजींचा बेत असा होता. सोळा महिन्यांच्या शिक्षणाला फी, राहणे, खाणे, विमा, विमान मिळून नव्वद लाख. ताईची शिल्लक दहा लाख, राहते घर तारण ठेवून कर्ज पन्नास लाख, आणि उरलेले तीस लाख कोळवणच्या जमिनीचे. गिऱ्हाईक तयार होते. इसार घेऊन येतो म्हणून सांगून गेले होते.

"पोरीच्या शिक्षणापुढे जमीन काय भाऊसाहेब? ती काय डोक्यावर घेऊन जायची आहे?" गुरुजी म्हणाले. "रँग्लर परांजपे नाही केंब्रिजला गेले? आपणच विहिरीत बसून राहायचे का?"

परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, हे खरे. पण ते सरकारी शिष्यवृत्तीवर गेले होते, वडिलांचा सातबारा घेऊन नव्हे. आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात तुटपुंज्या पगारावर शिकवत राहणे त्यांना परवडले, याचे एक कारण डोक्यावर कर्जाचा हप्ता नव्हता, असे माझे आपले मत.

मी ताईला म्हटले, "उद्या सगळे कागद घेऊन ये. ज्यांच्याकडे जाणार त्यांचे, आणि ज्यांच्याकडे नाही जाणार त्यांचेही."

दुसऱ्या दिवशी आमचे जेवणाचे टेबल कागदांनी भरून गेले. सौ.ने पोळ्या स्वयंपाकघरातच वाढल्या. त्या रविवारी मला जे कळले ते थोडक्यात लिहितो, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या असले टेबल मांडले जाणार आहे.

पहिली गोष्ट, नावावर जाऊ नये. एकाच नावाखाली दोन तऱ्हेचे अभ्यासक्रम चालतात. काही गणित आणि संख्याशास्त्राच्या विभागांनी चालवलेले, काही व्यवस्थापनाच्या शाळांनी. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम १९९४ पासूनचा, या विषयातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. तिथे गणित, संख्याशास्त्र आणि व्यवस्थापन असे विभाग एकत्र येऊन शिकवतात. न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजाचा वर्ग लहान, संस्था सरकारी, म्हणून फी त्या मानाने कमी, आणि प्रवेशापूर्वी गणिताची झडती कडक. तेव्हा विषयांची यादी मागवावी आणि संभाव्यता, कालश्रेणी, संख्यात्मक पद्धती आणि प्रोग्रामिंग यांना किती तास दिले आहेत ते मोजावे.

दुसरी गोष्ट, मुदत. काही ठिकाणी नऊ-दहा महिन्यांत पदवी मिळते. स्वस्त वाटते. पण मध्ये उन्हाळ्याची सुटी येत नाही, आणि या धंद्यात नोकऱ्या पुष्कळदा त्या सुटीतल्या उमेदवारीतूनच मिळतात.

तिसरी गोष्ट, पगाराचे आकडे. सरासरी पगार छापलेला असतो. सरासरी म्हणजे एका सरदाराला आणि नऊ कारकुनांना एकाच पंगतीला बसवणे. ताईनेच मला शिकवले की खालच्या चौथाईतल्या मुलांना काय मिळाले ते विचारावे, आणि किती जणांनी काही कळवलेच नाही तेही विचारावे. न कळवणारा बहुधा आनंदात नसतो.

चौथी गोष्ट माझ्या प्रांतातली, म्हणून ती मी सांगितली. "बाळ, नोकरी डॉलरात लागली तर हे कर्ज तू तीन-चार वर्षांत फेडशील, याबद्दल मला शंका नाही. पण बँक कर्ज देताना चांगले साल आले तर काय होईल हे विचारत नाही. वाईट साल आले तर काय, एवढेच विचारते. समज, नोकरी मिळाली नाही आणि तुला परत यावे लागले. पन्नास लाखांना दहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता महिना सहासष्ट हजार बसतो. शिक्षण चालू असतानाचे आणि नंतरच्या सवलतीच्या वर्षाचे व्याज मुद्दलात चढले तर तो ऐंशी हजारांच्या घरात जातो. हा हप्ता रुपयांच्या पगारातून भरायचा. तू नाही भरलास तर गुरुजींच्या पेन्शनीतून आणि मग घरातून. डाव तुझा आहे. हरलीस तर भरणार कोण?"

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, मी हेच शिकायला निघाले आहे आणि स्वतःचेच गणित मांडले नाही."

तेवढ्यात गुरुजींचा धाकटा आला. पिरंगुटच्या कारखान्यात तो कामाला आहे. टेबलावरचे कागद पाहून म्हणाला, "ताई, ऑप्शनचेच शिकणार ना? मग मला आधी शिकवायचेस." आणि हसला. ते हसणे काही खरे नव्हते. त्याने मोबाइलवर ऑप्शन घेता-घेता वर्षभरात एक लाख चाळीस हजार घालवले होते आणि ते गुरुजींना त्या दिवशी प्रथम कळले.

तो एकटा नव्हता. सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स आणि ऑप्शनच्या व्यवहारांत पडलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले होते. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हा पैसा हवेत विरला नाही. मोठ्या व्यापारी पेढ्या आणि परदेशी गुंतवणूकदार नफ्यात होते आणि त्यांचा बहुतेक नफा संगणकाला आज्ञा देऊन केलेल्या व्यवहारांतून आला होता.

गुरुजींनी धाकट्याला काही म्हटले नाही. ताईला विचारले, "ते संगणकाला आज्ञा देणारे लोक, म्हणजे तू शिकून होणार ते का?"

असा प्रश्न विचारायला शाळामास्तरच हवा. खोलीत कोणी हालले नाही.

"होय बाबा," ताई म्हणाली. "तेही होता येते. पण विमा कंपनीला, बँकेला, पेन्शन फंडाला किती गंगाजळी राखायला हवी हे काढणारेही हेच गणित करतात. पिकाच्या विम्याचा हप्ता काढतात तोही यातूनच. सूत्र एकच आहे. मी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसेन ते आज सांगता येणार नाही. पण डोक्यावर ऐंशी हजारांचा हप्ता असला तर जो जास्त देईल त्याच्याच बाजूला बसावे लागेल, एवढे मला आज कळते."

मला वाटते, निर्णय खरा त्या क्षणी झाला. बाकीचे नुसते कागद.

शिवाय गणित येते म्हणून माणूस बुडत नाही असेही नाही. ज्या शोल्स आणि मर्टन यांना नोबेल मिळाले, ते दोघे एका गुंतवणूक संस्थेत भागीदार होते. पारितोषिकाला वर्षही पुरे झाले नव्हते, तोच १९९८ साली ती संस्था अशी कोसळली की अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेला मोठमोठ्या बँका एकत्र बसवून तिला सावरावे लागले. सूत्र चुकले नव्हते. उसने किती घ्यावे हे चुकले होते. कर्जखात्यातल्या माणसाला ही गोष्ट ऐकून फार समाधान झाले, हे कबूल करतो.

आता टेबलाच्या दुसऱ्या कडेचे कागद. ताईने आणखी दोन ठिकाणी अर्ज केले होते. एक आपल्या पुण्यातलेच, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. १९३० साली स्थापन झालेली, धनंजयराव गाडगीळांनी नावारूपाला आणलेली ही संस्था. तिथे वित्तीय अर्थशास्त्रात एम.एस्सी. करता येते आणि रात्री पौडला घरी जेवायला येता येते. दुसरे कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेचे. १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती सुरू केली. तिथला एम.स्टॅट. दोन वर्षांचा. शिकवणीची फी नाही, उलट विद्यावेतन मिळते. या अभ्यासक्रमाच्या नावात फायनान्स हा शब्द नाही. पण ज्या पायावर ती सारी विद्या उभी आहे तो पाया तिथे खणून शिकवतात, आणि ताई ज्या कंपन्यांची नावे घेत होती त्यांची माणसे तिथे मुले निवडायला जातात. अडचण एकच. प्रवेशपरीक्षा अवघड, ती मे महिन्यात, आणि निकाल त्याहून पुढे. अमेरिकेची जागा मात्र एप्रिलमध्येच पैसे भरून राखून ठेवायची होती. ते पैसे, गेले नाही तर, परत मिळणार नव्हते. रुपयांत सव्वा लाखाच्या घरात.

"म्हणजे सव्वा लाख पाण्यात घालायचे?" वहिनींनी विचारले. वहिनी म्हणजे ताईच्या आई. एवढा वेळ त्या दारात उभ्या होत्या.

ताई हसली. त्या दिवसातले पहिले हसणे. "आई, हा इसार आहे. आजवर आपण दुसऱ्याचा घेतला. आता एकदा देऊन बघू. माझ्या पगारातले पैसे आहेत. दोन-तीन महिने ती जागा माझी. तेवढ्यात कोलकात्याचा निकाल कळेल. आणि घराला, जमिनीला हात न लावता कर्ज मिळते का तेही पाहता येईल. काहीच नाही जमले तर गोखले आहेच, नोकरीही आहे. सगळे गेले तर सव्वा लाख जातील. तीस गुंठे नाही जाणार."

गुरुजींनी सातबारा फाइलीतून काढला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी सदतीस वर्षांत तारणाचे कागद माणसाच्या खिशातून बाहेर येताना पाहिले होते. परत खिशात जाताना क्वचितच.

पुढचे थोडक्यात. एप्रिल-मे दोन महिने ताई हिंजवडीहून रात्री आठला यायची आणि बारापर्यंत गणिते करायची. आमच्या खिडकीतून तिचा दिवा दिसे. मेमध्ये परीक्षा झाली, पुढे मुलाखत झाली आणि निवड झाली. मधल्या काळात विनातारण कर्ज द्यायलाही एक सावकारी संस्था तयार झाली होती, पण व्याजाचा दर ऐकून मीच उठून पाणी प्यालो. ताईने दोन दिवस विचार केला आणि अमेरिकेला नकार कळवला. सव्वा लाख गेले. ती म्हणाली, "इसार फुकट गेला असे नाही काका. निकाल कळेपर्यंत मला शांतपणे थांबता आले, त्याची ती किंमत. आणि अमेरिका काही पळून जात नाही. पुढे पीएच.डी.ला गेले तर बहुधा ते मला विद्यावेतन देतील, मी त्यांना फी नाही."

कोणी वाचक म्हणतील, तुम्ही मुलांना परदेशी जाऊ नका असे सांगता. मुळीच नाही. ज्या घराचे नव्वद लाख बुडाले तरी रात्री झोप लागते, त्या घराने मुलांना अवश्य पाठवावे. ते अभ्यासक्रम उत्तम आहेत आणि तिथे शिकून पुष्कळ मुले-मुली वर आली आहेत. कोणाला शिष्यवृत्ती मिळत असेल तर प्रश्नच नाही. माझे म्हणणे एवढेच, की अभ्यासक्रम निवडताना कुठला मोठा हे विचारण्याआधी, फसला तर हातात काय उरते आणि कोणाच्या हातून काय जाते, हे घरातल्या सगळ्यांनी एका टेबलाशी बसून विचारावे. मुलांनी विचारावे आणि आईबापांनी खरे सांगावे. आईबाप "जमीन काय डोक्यावर घेऊन जायची आहे" म्हणतात, ते प्रेमाने म्हणतात. प्रेमाने म्हटलेल्या वाक्याखाली सातबारा असतो, तो मुलांनी उलगडून पाहावा.

२०२५ च्या सप्टेंबरात बातमी आली, की अमेरिकेने नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी लावण्याचा हुकूम काढला. गुरुजी वर्तमानपत्र नाचवीत आले. "पाहिलेत? पोरगी वाचली!" त्यांनी लगेच कोलकात्याला फोन लावला. पलीकडून ताई काय म्हणाली ते मला ओट्यावर ऐकू आले.

"बाबा, हा हुकूम मला एप्रिलमध्ये कुठे ठाऊक होता? तो निघाला म्हणून मी शहाणी ठरत नाही. नसता निघाला तरी वेडी ठरले नसते. आणि सगळ्यांना तो लागू आहे असेही दिसत नाही, नीट वाचा."

गुरुजींनी फोन ठेवला आणि बातमी नीट वाचली. चाळीस वर्षे मुलांना "नीट वाचा" सांगणाऱ्या माणसाला ते ऐकून घ्यावे लागले, याची त्यांना मौज वाटली असावी.

दिवाळीला ताई आझाद हिंद एक्स्प्रेसने आली, संदेशाचे दोन डबे घेऊन. वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही सगळे कोळवणला गेलो. भात कापणीला आला होता. आंबेमोहोराचा वास बांधावर उभे राहिले तरी येतो. धाकट्याने मोबाइलवरचे ते खाते बंद केल्याचे बहिणीला सांगितले. तिने नुसती मान हलवली.

बांधावर एक गृहस्थ आमची वाट पाहत उभे होते. तेच मार्चातले गिऱ्हाईक. "गुरुजी, सणाचा मुहूर्त आहे," ते म्हणाले. "आज इसार घ्या. एक वर्षाची मुदत द्या. बाकीचे निवांत पाहू."

गुरुजींनी टोपी नीट केली. वर्गात उभे राहून विचारावे तसे विचारले, "एक वर्षाची मुदत. बरे. आणि त्या हक्काचे काय देता?"

"कसला हक्क?"

"वर्षभर भाव तुमच्यासाठी थांबवून ठेवायचा त्याचा. भाव इकडे फार हलतो हो. तो हक्क महाग आहे."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले, मग ताईकडे पाहिले. "विचारून सांगतो," असे म्हणून ते मोटारसायकलवर बसून निघून गेले.

अजून ते आलेले नाहीत. भात मात्र घरी आला आहे.